दोन रेघा, एक टिंब

दगड बद्द वाजला.

दिनकरनं हातोडी वीतभर सरकवून पुन्हा मारली. पुन्हा बद्द. शेजारचा दगड खणखणीत बोलला, त्याच्या खालचा मात्र पुन्हा मेल्यासारखा. ओढ्याचं पाणी मांड्यांना लागत होतं, छातीपर्यंतची रबरी विजार घालूनही थंडी हाडात शिरत होती, आणि डोक्यावर पुलाची तिसरी कमान होती. दिनकरनं हातमोजा दातांनी ओढून काढला, डावा तळवा दगडावर ठेवला आणि उजव्या हातानं तीनदा ठोकलं. बाप तसंच करायचा. आजूबाजूला पाण्याचा, माणसांचा गलका असला की कान फसतो, तळहात फसत नाही. भरीव दगडाचा ठोका तळव्यात परत येतो. हा ठोका परत येत नव्हता. आत कुठंतरी जाऊन पडत होता.

असे अकरा दगड निघाले. सगळे पूर्वेच्या काठाला, कमान जिथं टेकते तिथं. दगडांच्या मागचा भराव वाहून गेला होता. वरून नवं डांबर, नवे कठडे, आणि आत पोकळ भोपळा.

खिशातला खडू हातात कधी आला ते त्याला कळलंही नाही. सगळ्यात वाईट दगडावर त्यानं दोन आडव्या रेघा ओढल्या आणि खाली एक टिंब दिलं. बापाची खाणीवरची खूण होती ती. अर्थ एवढाच, की या दगडावर भार देऊ नका.

पूल होता नेदरलँड्सच्या दक्षिणेला, लिंबुर्खमध्ये. बाकीचा देश पोळपाटासारखा सपाट, पण या कोपऱ्यात टेकड्या आहेत, ओढे आहेत आणि ओढ्यांवर दगडी पूल आहेत. हा पूल आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हा बांधलेला. तीन कमानी, निळसर राखी दगड, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. एकवीस सालच्या जुलैत पूर आला तेव्हा पाणी कठड्यावरून गेलं. पूर ओसरल्यावर नगरपालिकेनं वर सळयांच्या जाळीचा काँक्रीटचा थर टाकला, त्यावर डांबर ओतलं आणि बारा टनांवरच्या गाड्यांना बंदीची पाटी लावली. त्याला चार वर्षं झाली. आता शेतकरी म्हणत होते पाटी काढा. आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम असतो तसा तिथं साखरेच्या बिटाचा असतो, आणि बीट भरलेला ट्रॅक्टर पुलावरून नेता येत नाही म्हणून चौदा किलोमीटरचा वळसा पडत होता. पूल तीस टन पेलेल का, याचा अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तो देणार होती आइंडहोवनची एक कंपनी. तिच्यात दिनकर नऊ वर्षं जुने पूल तपासत होता.

दिनकर निमगावकर. हे नाव पासपोर्टवरचं. जन्माचं नाव दिनकर यल्लप्पा धोत्रे. जात वडार. बाप खाणीत घण मारायचा, आई डबर वाहायची, आजी जन्मभर बिनचोळीची राहिली कारण तिच्या पिढीत तीच रीत होती. दिनकर व्हीजेच्या, म्हणजे विमुक्त जातीच्या, सर्टिफिकेटवर सांगलीला इंजिनियर झाला आणि पहिली नोकरी लागताच गॅझेटमध्ये जाहिरात देऊन आडनाव बदलून आला. बापानं त्यावर एकच विचारलं होतं की आता पत्र कुणाच्या नावानं टाकू. तीन वर्षांनी बाप छातीत दगडाची धूळ भरून मेला. दिनकर तेव्हा इकडं डेल्फ्टला शिकत होता, अंत्ययात्रा त्यानं फोनवर बघितली.

हे इथल्या कुणाला माहीत नव्हतं. मराठी मंडळात त्याला लोक देशस्थ समजायचे. तो समजू द्यायचा.

पाण्यातून वर आला तेव्हा श्रीहर्ष गाडीच्या डिकीवर लॅपटॉप ठेवून उभा होता. श्रीहर्ष त्याचा टीम लीड. कोथरूडचा, वयानं बरोबरीचा, गणपतीत आरत्या म्हणणारा, कुणाच्या घरी लॅपटॉप बिघडला तरी रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्त करून देणारा. वाईट माणूस नव्हे. हे सांगून ठेवतो, कारण वाईट माणसाचं बोलणं मनाला लावून घ्यायची गरज नसते.

सकाळभर त्यानं पुलावरून आतलं दाखवणारं रडार फिरवलं होतं आणि कमानींखाली ड्रोन पाठवायची तयारी चालवली होती. रडारचं चित्र स्वच्छ आलं होतं. स्वच्छ येणारच. काँक्रीटमधल्या सळयांवर लाटा आपटून माघारी येत होत्या, खाली काय आहे ते त्या यंत्राला दिसतच नव्हतं. आंधळ्यानं सांगावं की समोर कुणी नाही, त्यातली गत. दिनकरला हे कळत होतं. श्रीहर्षलाही अर्धवट कळत असणार. पण नवीन पद्धतीत रडारचा रकाना असतो, तळहाताचा नसतो.

दिनकर म्हणाला की पूर्वेच्या काठाला काही दगडांचा आवाज वेगळा येतोय.

श्रीहर्ष स्क्रीनवरून नजर न काढता हसला. "अरे, तू वडार आहेस का रे? जिथं जाशील तिथं हातोडी घेऊन दगडाला भिडतोस. आमच्या आजोळी विहिरीला यायचे ते लोक. दिवसभर ठाक ठाक, आणि त्यांच्या त्या बिनचोळीच्या बायका. आजी आम्हा पोरांना अंगणात जाऊ द्यायची नाही."

दिनकर हसला. नुसता ओठ ताणून नाही, चांगला खळखळून हसला. हसावंच लागतं. जो हसत नाही त्याच्याकडे लोक वळून बघतात, आणि वळून बघितलं की मोजायला लागतात. पंधरा वर्षांत ही गोष्ट त्याच्या अंगात इतकी भिनली होती की डोक्याला विचारायच्या आधी तोंड हसून मोकळं व्हायचं. डोळ्यांपुढं मात्र आजी आली. टोपलीखाली मान ताठ, पदर खोचलेला, आणि कुठल्यातरी वाड्याच्या दाराआड तिच्याकडे बघायची बंदी असलेली पोरं.

"बोल ना," श्रीहर्ष मग नीट वळून म्हणाला. "खरंच काही असेल तर लिहू आपण. फक्त बेसिस काय ते सांग. नगरपालिकावाले विचारतील, आवाजावरून तुम्हाला कसं कळलं, कुठं शिकलात. दोन ठिकाणी भोकं पाडून कॅमेरा घालावा लागेल, म्हणजे अजून तीन आठवडे. तू म्हणशील तसं."

बघा, दार उघडं होतं. कुणी त्याचं तोंड दाबलं नव्हतं. कुठं शिकलात एवढाच प्रश्न होता. बापाकडं, असं एका शब्दाचं उत्तर होतं. पण त्या उत्तरामागून दुसरा प्रश्न आला असता, बाप काय करायचा. आणि तो आत्ता, याच क्षणी, बिनचोळीच्या बायकांच्या विनोदावर हसून बसला होता.

"नाही रे," दिनकर म्हणाला. "ओल असेल. तसं काही नाही."

पुलाला अगदी लागून एक घर होतं. तिथं मिया नावाची म्हातारी राहायची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हाडाची काटकुळी. तिनं दोघांना कॉफीला बोलावलं आणि जर्दाळूची गोड पाई कापून पुढं ठेवली. तिचा मुलगा योसही आला. पन्नाशीचा गडी, हात फावड्यासारखे. त्याची शेती ओढ्यापलीकडं होती. पाटी काढा म्हणून नगरपालिकेला अर्ज करणाऱ्यांत तो पहिला होता, आणि ते त्यानं लपवलं नाही. चौदा किलोमीटरच्या वळशात त्याचा रोजचा दीड तास जात होता. श्रीहर्षनं त्याला इंग्रजीत समजावलं की स्कॅन चांगला दिसतोय. योसनं मान हलवली, पण मघापासून तो आईकडे बघत होता.

म्हातारीला पुलाबद्दल आपलं एक म्हणणं होतं. तिनं कपाटाकडं बोट करून डच भाषेत दिनकरला सांगितलं, कारण दोघांत त्यालाच थोडी डच येत होती. पूर्वी पुलावरून साधी व्हॅन गेली तरी कपाटातले कप किणकिणायचे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून. पुरानंतर व्हॅन गेली की कप किणकिणत नाहीत, नुसते एकदा हलतात आणि थांबतात. योस तिला वेड्यात काढायचा, तरी त्याच्याही मनात ते राहिलं होतं.

मग तिनं विचारलं, "तू खाली दगडाला हात लावून उभा होतास. मी खिडकीतून बघत होते. तुला काय ऐकू आलं?"

श्रीहर्षनं पाईचा तुकडा तोंडात टाकत विचारलं की काय म्हणतेय ती. दिनकर म्हणाला, विचारतेय सगळं ठीक आहे का. आणि म्हातारीला तो डचमध्ये म्हणाला की विशेष काही नाही.

मग तिनं त्याच्या बशीत पाईचा दुसरा तुकडा वाढला.

दुपारी ड्रोन कमानींखालून फिरून आला. खडूची खूण पुसायची राहिली होती. दिनकरनं वर ढग बघितले आणि मनाशी म्हटलं, रात्री पाऊस आहे, जाईल धुवून. कमानीच्या पोटात पाऊस पोचत नाही, हे वडाराच्या पोराला कळू नये. पण त्या दिवशी तो वडाराचा पोर राहायलाच तयार नव्हता.

शुक्रवारी अहवाल गेला. बत्तीस पानं आणि साठ फोटो. पूल तीस टनांना योग्य. खाली दोन सह्या. सही करताना दिनकरचा हात थांबला नाही हेही सांगितलं पाहिजे. हात थरथरला वगैरे लिहिलं तर त्याच्यावर माया दाखवल्यासारखं होईल. त्यानं सही केली, डबा खाल्ला आणि चारच्या सुमाराला मुलीला, अवनीला, पोहायच्या क्लासवरून आणायला सायकलीवर निघून गेला.

बंदीची पाटी निघाली, आणि सहा नोव्हेंबरला सकाळी साडेआठला तिसरी कमान बसली. धुकं होतं. योस बीट भरलेला ट्रेलर घेऊन शेतावरून येत होता. पूर्वेच्या काठावरून तो पुलावर चढला, ट्रॅक्टरची मागची चाकं कमानीवर आली आणि काठाकडचे दगड आत ओढले गेले. ट्रॅक्टर उलटा ओढ्यात, त्याच्यावर ट्रेलर, त्याच्यावर बिटाचा ढीग. पाणी कमरेइतकंसुद्धा नव्हतं. केबिनमध्ये अडकलेल्या माणसाला तेवढं पुरतं. म्हातारी खिडकीत होती.

बातमी ऑफिसात पोचली. कंपनीचा वकील आला, त्यानं सगळ्यांना बजावलं की आपसातसुद्धा चर्चा करू नका. श्रीहर्षची तीन दिवसांत रया गेली. त्यानं रडारची सगळी चित्रं पुन्हा काढून बघितली, सळयांची गोष्ट त्याच्या आता ध्यानात आली, आणि तो दिनकरला एकदा पार्किंगमध्ये, एकदा जिन्यात गाठून म्हणत राहिला की आपल्याला कसं कळणार होतं, सांग ना, कसं कळणार होतं.

मग चौकशीवाल्यांचं पत्र आलं. त्यांना फोटो क्रमांक सत्तेचाळीसबद्दल विचारायचं होतं. पूर्वेच्या काठाचा, तिसऱ्या कमानीचा तळ. त्यात एका दगडावर पांढरी खूण दिसतेय. दोन रेघा आणि एक टिंब. नेमका तोच भाग कोसळला आहे. ही खूण कुणाची, कशाची?

श्रीहर्षनं फोटो मोठा करून बघितला, खांदे उडवले. म्हणाला कुणी पोरांनी काढलं असेल, किंवा आधीच्या कुठल्या तपासणीचं असेल. तसंच लिहून टाकू, मूळ अज्ञात. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्या अख्ख्या देशात ती खूण वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला तर ती खडूची रेघोटी म्हणूनच फायलीत पडून राहिली असती. दिनकर वाचला असता. नाव, नोकरी, घर, सगळं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. जयंती त्याच्याच समाजातली, सोलापूरची, इथं एका लॅबमध्ये कामाला. तिनं पूर्ण ऐकलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "गप्प बस. मेलेला माणूस परत येणार आहे का? तू बोललास तर तुला जेलात घालतील की नाही माहीत नाही, पण मंडळातल्या बायका उद्यापासून माझ्याशी कशा गोड बोलतील ते मला आत्ता दिसतंय. ते गोड बोलणं मी सोलापुरात बारा वर्षं खाल्लंय. अवनीला नको ते."

तिचं चुकलं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्यांनी ते गोड बोलणं खाल्लेलं नाही त्यांनी तर तोंडच उघडू नये.

दिनकर शनिवारी एकटाच लिंबुर्खला गेला. गाडी लांब लावून चालत पुलापाशी आला. दोन कमानी उभ्या होत्या, तिसरीच्या जागी भोक होतं आणि लालपांढऱ्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या. काठावर दगड रचून ठेवले होते, प्रत्येकावर नंबर. खूण केलेला दगड त्यात होता. तो पाण्यात न पडता आतल्या पोकळीत अडकला होता; चिखल लागला होता, पण टिंब दिसत होतं.

म्हातारीनं दार उघडलं. ती रडत नव्हती, ओरडलीही नाही. तिनं त्याला त्याच खुर्चीवर बसवलं. त्यानं कोट काढला नाही. मोडक्यातोडक्या डचमध्ये, मधे मधे इंग्रजी घालत त्यानं सांगितलं की त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. अकरा दगड पोकळ होते. मला कळलं होतं आणि मी बोललो नाही.

म्हातारीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"योसला भीती वाटत होती," ती म्हणाली. "अहवाल आला तरी तो पहिले काही दिवस वळशानंच जात होता. कपांमुळे. मीच त्याला म्हटलं, त्या यंत्रवाल्याचं सोड, पण तो दुसरा माणूस दगडाला हात लावून बघत होता. माझा बाप गवंडी होता, तो असाच हात लावायचा. हा माणूस दगड ओळखतो, आणि तो म्हणाला काही नाही. जा तू."

योस अहवालावर विश्वास ठेवून मेला असता तर ते ओझं दोन सह्यांत वाटून गेलं असतं. तो दिनकरच्या तळहातावर विश्वास ठेवून मेला होता. जी गोष्ट त्यानं जन्मभर लपवली ती या परदेशी म्हातारीनं खिडकीतून एका नजरेत ओळखली होती, तिला मान दिला होता, आणि त्या मानापायी पोटचा पोर पुलावर पाठवला होता.

"हे त्यांना सांगितलंस का?" तिनं विचारलं.

तो नाही म्हणाला.

"मग इथं कशाला आलास?" म्हातारी म्हणाली, आणि उठून दार उघडून उभी राहिली.

पुढच्या मंगळवारी चौकशी झाली. एका सरकारी इमारतीत, पांढऱ्या टेबलापाशी. अहवालावर दोघांच्या सह्या म्हणून दोघांना एकत्र बोलावलं होतं. समोर चाळिशीची एक बाई आणि तिच्या शेजारी टाइप करणारा माणूस. वकील कोपऱ्यात. बाईनं सत्तेचाळीस नंबरचा फोटो टेबलावर सरकवला आणि इंग्रजीत विचारलं की ही खूण कुणी केली.

श्रीहर्षनं तोंड उघडलं होतं, त्याच्या आधी दिनकर म्हणाला, "मी."

वकील खुर्चीत सरळ झाला. श्रीहर्षनं मान वळवली. दिनकर थांबला नाही. खुणेचा अर्थ काय, किती दगड, ते कसे वाजले, सगळं त्यानं सांगितलं. बाईनं विचारलं की हे कुठं शिकलात. तो म्हणाला, बापाकडं. माझा बाप यल्लप्पा धोत्रे. आम्ही वडार. दगड फोडणारे.

पंधरा वर्षं ज्या शब्दासाठी त्यानं घाम गाळला, नाव बदललं, बापाच्या मयताला गेला नाही, तो शब्द त्यानं टेबलावर ठेवला. बाईनं टाइप करणाऱ्याला सांगितलं, वडील, दगडकाम. त्यानं तेवढं टाइप केलं. दोघांपैकी कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. पुढचा प्रश्न. इथं त्या शब्दाला एवढीच किंमत होती, आणि तो लपवण्यापायी योस मेला होता.

"मग अहवालात का लिहिलं नाहीत?" बाईनं विचारलं.

"श्रीहर्षनं एक विनोद केला," दिनकर म्हणाला. "मी हसलो. हसल्यावर मला सांगता येईना."

शेजारी श्रीहर्ष हळूच म्हणाला, "दिनकर, अरे, मला काय माहीत." मराठीत म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं, खोटं नव्हतं.

बाईनं विचारलं की विनोद काय होता. दिनकरनं सांगितला. जसाच्या तसा, एक शब्द न गाळता, इंग्रजीत. विहीर, ठाक ठाक, बिनचोळीच्या बायका, अंगणात जायची बंदी असलेली पोरं. टाइप करणाऱ्याची बोटं अडखळली. वकील बुटांकडं बघत होता.

"मला कळलं नाही," बाई खरोखरच न समजून म्हणाली. "यात हसण्यासारखं काय आहे?"

श्रीहर्षनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं.

"काही नाही," दिनकर म्हणाला. "तरी मी हसलो. तेच लिहा."